आजीला पाण्यात उतरायचंय

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं वय ६७. माहेर आणि सासर दोन्ही निफाड तालुक्यातलं. हे ओझरच्या कारखान्यात नोकरीला होते, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता मी मुलाकडे इंदिरानगरला असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलगा-सून, ठाण्याची लेक-जावई, तीन नातवंडं आणि मी असे सगळे तारकर्लीला जाणार आहोत. घरात रोज रात्री बेत चालतात. कोण होडीत बसणार, कोण पॅराशूटला लटकणार. माझ्याबद्दल एवढंच ठरलंय की आईला सावलीत खुर्ची द्यायची, ती पिशव्या आणि मोबाइल सांभाळेल. कुणाच्या मनात वाईट नाही. सून तर फार जीव लावते. मला बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा दुखतो, म्हणून तिला धास्ती वाटते. पण मी समुद्र आजवर फक्त मुंबईला चौपाटीवर पाहिलाय, तोही लांबून. मला पाण्यात उतरायचंय. धाकटा नातू सहा वर्षांचा आहे, तो म्हणतो, "आजी, तू माझा हात धर, मी तुझा धरतो." साडीत जाऊ की ड्रेस घालू? साडीशिवाय मी कधी उंबरा ओलांडला नाही. आणि खरं विचारायचं ते हे, की हे नसताना मला या वयात अशी हौस वाटावी, हे बरं दिसतं का? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं तिथंच अडलंय. हो, बरं दिसतं. मला तर तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला.

गुडघ्याच्या आणि कंबरेच्या व्यायामासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांशी मी वर्षानुवर्षं बोलत आले आहे. नवरा गेला की बाईचं बाहेर पडणं आधी थांबतं. हळदीकुंकू बंद होतं, लग्नाला गेलं तरी मागच्या खुर्चीत बसणं सुरू होतं, सहलीला "तुम्ही जा, मी घर बघते" होतं. गुडघे आखडतात ते त्यानंतर. माझ्यापुढे बसल्यावर मात्र ती फक्त गुडघ्याबद्दल बोलते, आणि मला आधीचं सगळं विचारून काढावं लागतं. तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणजे अर्धं काम झालंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हे अनुकरण करायला सांगितलं. एका गावाने एवढं ठरवलं, तर तुम्हाला गुडघाभर पाण्यात जायला कुणाची परवानगी लागू नये. यजमानांची आठवण तिथे येईलच. येऊ द्या. नातवाला सांगा, आजोबा असते तर काय म्हणाले असते ते.

आता घरच्यांशी बोलायचं. "मलाही यायचंय" असं मोघम बोलू नका, त्यावर "हो हो, बघू तिथे गेल्यावर" हेच उत्तर येतं. तीन गोष्टी नेमक्या सांगा : मला गुडघ्यापर्यंत पाण्यात जायचंय, मला होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचंय, आणि पाण्यात असताना माझ्यासोबत एक मोठं माणूस हवं. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. नातवाचा हात गोड आहे, पण लाटेत सहा वर्षांचं मूल तुम्हाला सावरू शकत नाही, आणि तुम्ही घसरलात तर तोही पडेल. मधे तुम्ही, एका बाजूला नातू आणि दुसऱ्या बाजूला मुलगा किंवा जावई. पिशव्यांचं म्हणाल तर किनाऱ्यावर एकच पिशवी न्यायची आणि तिच्यापाशी पाळीपाळीने बसायचं. त्यात तुमचीही पाळी असू दे, बाकीच्यांसारखीच एक.

सूनबाईंची धास्ती खोटी नाही, म्हणून तिला धीर वाटेल असं काहीतरी तुम्ही करून दाखवा. अजून दोन महिने हातात आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ घट्ट खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. सुरुवातीला जमलं नाही तर एक हात टेका. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचला आणि सावकाश खाली आणा. मग ओट्याजवळच एका पायावर उभं राहा, जमेल तितका वेळ, हात ओट्यापासून वीतभर लांब. घोट्याची ही ताकद वाळूत कामाला येते. जोडीला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं वाढवा. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला साध्या रस्त्याच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, त्यामुळे खोलीपासून पाण्यापर्यंतचे शंभर पावलंही पहिल्या दिवशी दमवतात. एकदा ओली, घट्ट वाळू लागली की चालणं सोपं होतं.

निघण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि एक गोष्ट नक्की विचारा : बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध आहे का? कारण मी हे फार पाहिलंय. प्रवासात बाथरूमची अडचण नको म्हणून बायका ती गोळी गुपचूप टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. मग बीपी वरखाली होतं, चक्कर येते, आणि खापर समुद्रावर फुटतं. गोळीची वेळ प्रवासासाठी बदलता येईल का, ते डॉक्टर सांगतील, आपण ठरवायचं नाही. तारकर्ली नाशिकहून सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दमात जाऊ नका. कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन घ्या, दुसऱ्या दिवशी घाट उतरा. मुलाला सांगा की दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची आणि आईने उतरून चार पावलं चालायचं. गुडघा तासन्‌तास दुमडून राहिला की उतरताना तोच आधी दगा देतो. आणखी एक. आपलं नाशिक उंचावर आहे, हवा कोरडी, घाम चटकन वाळतो. कोकणात हवेत ओल असते, घाम अंगावरच राहतो आणि डिसेंबरातही उकडतं. अकरा ते तीन खोलीत किंवा झाडाखाली राहा, पाणी थोडं थोडं पण सतत घ्या.

आता पाण्याबद्दल. तुम्ही रामकुंडावर उतरला असाल. तिथे दगडी पायऱ्या असतात आणि पाणी एका दिशेने जातं. समुद्रात पायरी नाही आणि पाणी परत येतं. लाट अंगावर येते तेव्हा माणूस सहसा पडत नाही, कारण तो सावध असतो. ती परत जाते तेव्हा पडतो. परतणारं पाणी टाचांखालची वाळू ओढून नेतं, टाचा खचतात आणि तोल मागे जातो. म्हणून समुद्राकडे तोंड करून ताठ उभं राहायचं नाही. थोडं आडवं उभं राहा, पाय खांद्याइतके लांब, गुडघे किंचित वाकलेले, आणि दर दोन-तीन लाटांनी पाय उचलून जागा बदला. समुद्राकडे पाठ कधीच नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. फोटोच्या नादात पडलेली माणसं माझ्याकडे मनगट मोडून आली आहेत. पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असलं तर ते आधीच सरकून जातं. पाणी गुडघ्याच्या वर येऊ द्यायचं नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम होडीतून जरूर बघा, पण नदीच्या मुखाशी आंघोळीला कुणीही उतरू नये, पोहणाऱ्या जावयांनीही नाही. तिथे पाण्याला ओढ असते. ओहोटी लागलेली असतानाही उतरायचं नाही. ओहोटी संपून पाणी परत फिरायला लागतं ती वेळ चांगली. ती कशी ओळखायची, ते खालच्या आजोबांच्या उत्तरात लिहिलंय.

पाण्यात बसायची इच्छा होईलच. लाट कमरेला लागते तेव्हाचा आनंद मला माहीत आहे. पण वाळूतून उठता येणार असेल तरच बसा. घरी गादीवर करून बघा : एका कुशीवर वळा, हात आणि गुडघ्यांवर या, चांगला पाय म्हणजे तुमचा डावा पुढे ठेवा, त्याच मांडीवर हात रोवून उठा. उजवा गुडघा टेकवत नसेल तर या वेळी उभ्यानेच मजा घ्या.

साडी नको. हे मी अगदी ठामपणे सांगते. पाच मीटर कापड आणि परकर भिजला की तो पायांना गुंडाळतो, आणि लाट परतताना साडीसकट ओढते. सहज वाळेल अशा कापडाचा, गुडघ्याच्या थोडा खाली येणारा ड्रेस आणि घोट्याशी अरुंद सलवार शिवून घ्या, गडद रंगाची. ओढणी खोलीत ठेवा. जायच्या आधी तो दोन-चार वेळा घरात घाला, सकाळी चालायला जाताना घाला. अंगाला सवय झाली की मनालाही होते, आणि शेजारणी काय म्हणायचं ते नाशिकलाच म्हणून घेतील. पायात मागून पट्टा असलेली रबरी सँडल हवी, साधी चप्पल पहिल्याच लाटेत जाते. चष्म्याला दोरी लावा. बांगड्या, अंगठी, कानाचं यंत्र, दातांची काढता येणारी कवळी, सगळं खोलीत.

किल्ल्यावर जायलाच हवं. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात, पावसाळ्यात त्या बंद असतात पण डिसेंबरात अडचण नाही. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६६७मध्ये ते पुरं झालं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी असून त्यांचं पाणी गोडं. नातवंडांना त्या तुम्ही दाखवा, शेतावरच्या विहिरीशी तुमचं नातं त्यांच्यापेक्षा जुनं आहे. होडीत चढताना घाई करायची नाही. होडी वर येते त्या क्षणी होडीवाला सांगेल तेव्हा पाऊल होडीच्या मध्यावर टाका आणि त्याला तुमचं मनगट धरू द्या, नुसती बोटं नको. आधी बसा, मग सामान घ्या. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून मागा. मळमळ वाटली तर मोबाइल किंवा पायाखालची फळी बघू नका, लांब क्षितिजाकडे नजर ठेवा. पोट अगदी रिकामं नको, आलेपाकाची वडी जवळ असू दे.

पॅराशूटला माझा नकार आहे. बीपी आणि दुखरा गुडघा असताना उतरतानाचा धक्का घेऊ नये. पाण्याखाली जाण्याचंही तसंच, डॉक्टरांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय नाही. त्याऐवजी कर्ली नदीतून सकाळची होडी घ्या, पाणी शांत असतं. नशीब असेल तर समुद्राच्या बाजूला डॉल्फिनही दिसतात. आणि मांसमच्छी खात नसाल तर तिथे उपाशी राहावं लागेल अशी भीती बाळगू नका. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार मागा, घावणे मागा, जेवणाशेवटी सोलकढी. येताना मालवणी खाजं आणा, गुळातलं.

प्रश्न : नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, वय ७२. मार्चमध्ये मुलाच्या कुटुंबाबरोबर दापोलीकडे जात आहोत. नात आठवीत आहे. घरी मी रोज पंचांग बघतो, याचं तिला हसू येतं. समुद्रावर मला तिला काही नवं दाखवता येईल का? मी स्वतःच पहिल्यांदा जातोय.

उत्तर : दादा, तुमचं पंचांग बरोबर घ्या. तिथे त्याचा उपयोग घड्याळाइतका होतो. किनाऱ्यावरची माणसं जुन्या काळापासून तिथीवरून भरतीची वेळ काढतात : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणायचं, येतील तितक्या वाजता भरती. षष्ठी असेल तर सहा गुणिले पाऊण म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि मधे साधारण साडेदहाला पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशेब तोच, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं. हा अदमास आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावातल्या होडीवाल्याकडून वेळ पक्की करून घ्या.

हे जमतं कसं, ते नातीला तुम्ही समजावा. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, त्याच्यासमोर परत यायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते, आणि पाऊणच्या हिशेबातली दर तिथीची पंचेचाळीस मिनिटं त्याच्या अगदी जवळ जातात. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ती उधाणाची भरती, तिचा जोर त्यानंतर एक-दोन दिवस अधिक असतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, पाणी कमी चढतं. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून वेळ काढा. मग पाण्याच्या कडेला वाळूत काठी रोवा आणि दर पंधरा मिनिटांनी नवी काठी. तुमचा आकडा आणि समुद्र जुळतो का, ते तिचं ती बघेल. हसू जाईल आणि वही येईल, असं मला वाटतं.

मार्च म्हणताय, तर वेळासला जरूर जा. मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, पुन्हा फिरकत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. सकाळी आणि संध्याकाळी पिल्लं पाण्याच्या अलीकडे सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी समुद्रापर्यंत जातात. त्या दिवशी घरटं फुटलंच पाहिजे असं नाही, म्हणून एक रात्र राहा. दोरीच्या पुढे जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. तुम्ही पहिल्यांदा बघताय हे नातीपासून लपवू नका. ७२ वर्षांच्या माणसाला एखादी गोष्ट पहिल्यांदा बघताना पाहणं हे तिच्यासाठीही नवंच असेल.

प्रश्न : आजेसासूबाई ८४ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात. "एकदा समुद्र दाखव गं" म्हणतात. कोकणचा लांबचा प्रवास झेपणार नाही. पंचवटीहून जवळ काय? एका दिवसात होईल का?

उत्तर : बोर्डी. त्र्यंबकेश्वर, जव्हार, डहाणू असा रस्ता आहे, दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर धरा. एका दिवसात जाऊन येऊ नका. घाटाची वळणं आहेत, परत येईपर्यंत त्यांना समुद्राची आठवण न राहता अंगदुखीची राहील. एक मुक्काम कराच, वाटेत जव्हारला थांबा.

बोर्डीची वाळू सपाट आहे आणि उत्तरेकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा असल्याने ओहोटीला समुद्र खूप आत जातो. म्हणजे ओहोटीला गेलात तर आजींना पाणी लांबूनच दिसेल. वरच्या उत्तरातला हिशेब करून भरतीच्या आधी तास-दीड तास पोहोचा, पाणी त्यांच्याकडे चालत येईल. वॉकरचे पाय मऊ वाळूत रुततात, म्हणून चाकाची खुर्ची न्या. ती पुढे ढकलू नका, उलटी करून मागे ओढत न्या. पुढची छोटी चाकं उचललेली राहतात आणि मोठी चाकं वाळूवरून जातात. ओल्या, घट्ट वाळूवर खुर्ची थांबवा, ब्रेक लावा, एक जण मागे उभा राहू द्या. मोजे काढा आणि पायांवरून पहिली लाट जाऊ द्या. मधुमेह असेल आणि तळव्यांना बधिरता असेल तर रबरी सँडल पायात राहू द्या, शिंपल्याने कापलेलं कळत नाही. पाणी खुर्चीच्या छोट्या चाकांच्या वर आलं की मागे घ्यायची. खोलीवर आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

परतताना घोलवडचे चिकू घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय. देठाजवळ अजून थोडे घट्ट असलेले निवडा, नाशिकला पोहोचेपर्यंत पिकतात. आजींना साखरेचा त्रास असेल तर अर्धाच द्या.